जैव उत्तेजके व वसा ऊतक पुनर्जनन

त्वचेखाली टोचून दिल्यानंतर स्वतः कायमची जागा न व्यापता शरीराकडूनच नवे ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) तयार करवून घेणाऱ्या पदार्थांना सौंदर्यवैद्यकात ‘जैव उत्तेजके’ म्हणतात. पॉलिलॅक्टिक अम्ल, कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट व पॉलिकॅप्रोलॅक्टोन ही त्यांपैकी प्रमुख होत. वय, आजार, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांमुळे त्वचेखालील वसेचा (चरबीचा) थर झिजला, तर तो त्याच व्यक्तीच्या वसेने पुन्हा निर्माण करण्याच्या प्रयत्नास वसा ऊतक पुनर्जनन म्हणतात. दोन्ही पद्धतींचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दहा वर्षांहूनही कमी काळात झाला. शरीरात घातलेल्या पदार्थाला शरीर काय प्रतिसाद देते, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. आरंभी ज्या प्रतिसादाने रुग्णांची हानी झाली, तोच पुढे नियंत्रित स्वरूपात उपचाराचे साधन बनला.

पूर्वपीठिका : चेहऱ्यावरील उणीव शरीराच्याच ऊतकाने भरून काढण्याची कल्पना भारतात प्राचीन काळापासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेत नाक व कान यांच्या पुनर्रचनेचे वर्णन आढळते. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या नासिकापुनर्रचनेचा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे यूरोपीय शल्यचिकित्सकांचे या पद्धतीकडे लक्ष वेधले. या शस्त्रक्रियेत कपाळावरील त्वचेची पट्टी नाकाच्या जागी वळवून बसविली जाई. परंतु भुवयांमधील तिचा देठ लगेच तोडला जात नसे. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत जुना रक्तपुरवठा चालू राहावा, हा त्यामागील हेतू होता. वसेच्या मुक्त प्रतिरोपणात असा देठ ठेवता येत नाही. मूळ जागेवरून काढलेली वसा काही काळ रक्ताविना राहते व तिचे पुढे काय होते, यावरच सर्व यश अवलंबून असते.

जर्मन शल्यचिकित्सक गुस्टाफ नॉयबर यांनी १८९३ मध्ये नेत्रकोटराच्या कडेला पडलेला खोलगट व हाडाला चिकटलेला व्रण दंडातील वसेचे तुकडे बसवून भरून काढला. लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण होते. १८९५ मध्ये हायडल्‌बर्ग येथे फिंट्सेंट्स चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यावर उरलेली पोकळी तिच्याच अंगावरील वसार्बुदाने (वसा ऊतकाच्या निरुपद्रवी गाठीने) भरली. तथापि प्रतिरोपित वसेचा बराच भाग कालांतराने नाहीसा होतो, असा अनुभव लवकरच सर्वत्र येऊ लागला.

पॅराफीन व सिलिकोन : व्हिएन्ना येथील रोबेर्ट गेरझूनी यांनी १८९९ मध्ये क्षयरोगामुळे वृषण काढून टाकाव्या लागलेल्या एका रुग्णाच्या वृषणकोशात व्हॅसलिनाचे अंतःक्षेपण केले. परिणाम समाधानकारक वाटल्याने ही पद्धत थोड्याच काळात बसकी नाके, सुरकुत्या व गालांवरील खळगे यांच्यासाठी वापरली जाऊ लागली. पुढे व्हॅसलिनाऐवजी अधिक वितळबिंदू असलेले घट्ट पॅराफीन पसंत केले गेले. शस्त्राविना, काही मिनिटांत व अल्प खर्चात होणारा हा उपचार यूरोप व अमेरिका येथे लोकप्रिय झाला.

दुष्परिणाम महिन्यांनी व वर्षांनी दिसू लागले. पॅराफीन मूळ जागेवरून सरकले आणि त्याभोवती शोथ (दाह) होऊन कठीण गाठी बनल्या. या गाठींना ‘पॅराफीनार्बुद’ असे नाव मिळाले. काही ठिकाणी त्वचा फुटून व्रण झाले. रक्तवाहिनीत शिरलेल्या पॅराफिनामुळे अंतर्कीलन (वाहत आलेल्या पदार्थाने रक्तवाहिनी बंद होणे) झाल्याची व नाकात दिलेल्या अंतःक्षेपणानंतर दृष्टी गेल्याची नोंद १९०३ पर्यंत झाली होती. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन यांनी ग्रीक शिल्पासारखे नाक हवे म्हणून तरुणपणी पॅराफीन टोचून घेतले होते. ते पुढे सरकून त्यांचा चेहरा विद्रूप झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पश्चिमी देशांतील जबाबदार वैद्यांनी ही पद्धत सोडली. पूर्व आशियात मात्र ती त्यानंतरही अनेक वर्षे चालू होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर द्रव सिलिकोनाच्या बाबतीत जवळजवळ हाच क्रम पुन्हा घडला. रासायनिक दृष्ट्या अक्रिय असलेला पदार्थ शरीरातही अक्रिय राहील, ही समजूत त्यामागे होती. जपानमध्ये व त्यानंतर अमेरिकेत स्तनवृद्धीसाठी द्रव सिलिकोन टोचले गेले. गाठी, ऊतकमृत्यू व पदार्थाचे स्थलांतर यांमुळे अनेक स्त्रियांचे स्तन काढून टाकावे लागले. १९७० नंतरच्या दशकात नेव्हाडा राज्याने असे अंतःक्षेपण हा गुन्हा ठरविला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शरीराचा आकार बदलण्यासाठी द्रव सिलिकोन टोचण्यास कधीही मान्यता दिलेली नाही.

वसा प्रतिरोपणासंबंधीचा वाद : प्रतिरोपित वसेचा जो भाग उरतो तो कोणाचा, या प्रश्नावर विसाव्या शतकात दोन मते पुढे आली. अमेरिकन शल्यचिकित्सक हॅरल्ड न्यूहॉफ यांनी १९२३ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रतिरोपित कोशिका मरतात व त्यांची जागा ग्राही शरीरातील तंतुमय ऊतक किंवा नव्याने बनलेली वसा घेते. याउलट लिंडन पीअर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभरानंतर प्रतिरोपाचे वजन व आकारमान सु. निम्म्याने घटल्याचे दाखविले आणि उरलेली वसा ही जगून राहिलेल्या मूळ कोशिकांचीच असते, असा ‘कोशिका उत्तरजीविता सिद्धांत’ मांडला. हा सिद्धांत पुढील अर्धशतक बहुमान्य राहिला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, कोशिका जितक्या जपून काढल्या व बसविल्या जातील तितके फळ अधिक मिळेल.

वसा काढण्याचे सोयीस्कर साधन १९७० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले. रोम येथील जॉर्जो फिशर व त्यांचे वडील आर्पाड यांनी आणि १९७७ पासून पॅरिस येथे ईव्ह-झेरार ईलूझ यांनी पोकळ नळीने वसा शोषून घेण्याची पद्धत विकसित केली. शोषलेली वसा फेकून देण्याऐवजी दुसरीकडे टोचण्याचे प्रयोग लगेच सुरू झाले. मात्र स्तनात टोचलेल्या वसेचा काही भाग मरून तेथे कॅल्शियमाचे कण साठतात व त्यामुळे कर्करोगाचे निदान चुकेल, या भीतीने अमेरिकेतील प्लॅस्टिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९८७ मध्ये या वापराचा निषेध केला. सिडनी कोलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात बोथट नळी, हलके शोषण, केंद्रोत्सारण आणि अत्यल्प प्रमाणात अनेक बारीक रेषांमध्ये वसा सोडणे, अशी शिस्तबद्ध पद्धत घालून दिली. प्रत्येक कण रक्तपुरवठा असलेल्या ऊतकाला भिडावा, हे तिचे सूत्र होते. नॉयबर यांचे लहान तुकड्यांविषयीचे निरीक्षण शंभर वर्षांनी अशा प्रकारे पद्धतीत उतरले. नव्या पुराव्याच्या आधारे वरील संघटनेने २००९ मध्ये आपली भूमिका बदलून वसा प्रतिरोपण सावधगिरीने करण्यास हरकत नसल्याचे सांगितले.

कोलॅजेनापासून जैव उत्तेजकांपर्यंत : गायीच्या कातड्यापासून बनविलेल्या कोलॅजेनास (संयोजी ऊतकातील प्रमुख प्रथिनास) अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. काही व्यक्तींना त्याची अधिहृषता (ॲलर्जी) असल्याने आधी हातावर चाचणी करावी लागे व परिणाम काही महिनेच टिकत असे. त्याची जागा हायलुरॉनिक अम्लाने घेतली. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून हे संयुग वेगळे केले होते. त्याच्या जेलीस सुरकुत्या भरण्यासाठी अमेरिकेत २००३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. हायलुरॉनिडेज या एंझाइमाने ते विरघळविता येते, हा त्याचा मोठा गुण होय. तरीही कोलॅजेन व हायलुरॉनिक अम्ल हे दोन्ही मुख्यतः ‘भरण’ पदार्थ आहेत. ते विरले की खळगा पुन्हा दिसू लागतो.

जैव उत्तेजकांचा उगम वेगळ्या क्षेत्रातील आहे. शरीरात विरघळणारे टाके व हाडे जोडण्याची साधने यांचा शोध घेत असताना अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतील आर. के. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये पॉलिलॅक्टिक अम्ल शस्त्रक्रियेत वापरता येण्याजोगे असल्याचे दाखविले. हे बहुवारिक (अनेक लहान रेणू जोडून बनलेला मोठा रेणू) शरीरात हळूहळू विघटित होऊन लॅक्टिक अम्ल आणि अखेरीस पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड बनते. त्याचे सूक्ष्मकण पाण्यात मिसळून टोचण्याचे औषध यूरोपात १९९९ मध्ये मान्य झाले.

या कणांची क्रिया पुढीलप्रमाणे होते : अंतःक्षेपणानंतर गाल भरल्यासारखा दिसतो, परंतु ते केवळ पाणी असते व काही दिवसांत शोषले जाते. सु. ४० ते ६३ मायक्रॉन आकाराचे कण मात्र मागे राहतात. ते इतके मोठे असतात की, महाभक्षी कोशिकांना (बाह्य पदार्थ गिळणाऱ्या संरक्षक कोशिकांना) ते गिळता येत नाहीत. त्या कणांभोवती जमतात, मंद शोथ सुरू होतो, तंतुजनक कोशिका तेथे येतात व नवे कोलॅजेन तयार करतात. कण विरघळत जातात, पण कोलॅजेन उरते. परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात व तो सामान्यतः दोन वर्षांच्या आसपास टिकतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट हे हाडांतील खनिजाशी समरूप असून त्याचे २५ ते ४५ मायक्रॉनांचे गोल कण जेलीत मिसळून वापरतात. त्याला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. पॉलिकॅप्रोलॅक्टोन यूरोपात २००९ मध्ये वापरात आले.

पॅराफिनाभोवती ज्या कोशिका जमून गाठ बनत असे, त्याच जातीच्या कोशिका येथेही जमतात. फरक एवढाच की, येथे कणाचा आकार व मात्रा ठरलेली असते आणि शोथास कारण झालेला पदार्थ कालांतराने नाहीसा होतो. या मर्यादा पाळल्या नाहीत, तर जुना दोष पुन्हा दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत दाट मिश्रण वापरल्यामुळे अनेक रुग्णांच्या त्वचेखाली गाठी झाल्या; मिश्रण अधिक पातळ केल्यावर, ते खोल थरात दिल्यावर व नंतर मर्दन केल्यावर त्यांचे प्रमाण घटले.

एड्स व चेहऱ्यावरील वसाक्षय : जैव उत्तेजकांना वैद्यकात स्थान मिळाले ते सुरकुत्यांमुळे नव्हे, तर एड्समुळे. १९९६ पासून संयुक्त औषधयोजनेने एचआयव्ही बाधितांचे आयुष्य वाढले. परंतु स्टॅव्ह्युडीन व काही अंशी झिडोव्ह्युडीन या औषधांमुळे गाल, कानशिले व हातपाय यांवरील वसा झिजू लागली. खोल गेलेले गाल ही रोगाची ओळख बनली. ज्या रुग्णाने आपला आजार शेजारी व मालक यांच्यापासून गुप्त ठेवला होता, त्याचे गुपित त्याच्या चेहऱ्यानेच उघड होऊ लागले. काहींनी या भयाने जीवनरक्षक औषधे घेण्याचेही टाळले.

या प्रश्नाशी भारताचा जवळचा संबंध आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरापीन यांची संयुक्त गोळी दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात देऊ केली व त्यामुळे गरीब देशांतील असंख्य रुग्णांना उपचार परवडू लागला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केलेल्या मोफत उपचार योजनेतही स्टॅव्ह्युडिनाचा समावेश होता. प्राण वाचविणारे स्वस्त औषध व चेहरा झिजविणारे औषध एकच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. औषध बदलल्यावर वसाक्षय थांबतो. परंतु गेलेली वसा अतिशय मंद गतीने व अपुरीच भरून येते.

पॅरिस येथे ५० बाधितांवर पॉलिलॅक्टिक अम्लाच्या केलेल्या चाचणीत गालांवरील त्वचेची जाडी वाढून ती जवळजवळ दोन वर्षे टिकल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २००४ मध्ये या औषधास केवळ एचआयव्हीजन्य वसाक्षयासाठी मान्यता मिळाली. सौंदर्योपचारासाठीची मान्यता २००९ मध्ये मिळाली. तेथील मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने २०१० मध्ये, चेहऱ्यावरील कलंकामुळे अवसाद (खिन्नता) आलेल्या बाधितांसाठी अशा अंतःक्षेपणांचा खर्च देण्याचे मान्य केले. सौंदर्य व आरोग्य यांमधील सीमारेषा स्पष्ट नसते, ही गोष्ट या निर्णयाने शासकीय पातळीवर मान्य झाली.

वसेतील मूल कोशिका : वसा म्हणजे केवळ ऊर्जेचा साठा नव्हे, हे २००१ मध्ये अधिक स्पष्ट झाले. लॉस अँजेल्स येथील पॅट्रिशिया झुक व त्यांचे सहकारी यांनी शोषून काढलेल्या वसेतून अशा कोशिका वेगळ्या केल्या की, प्रयोगशाळेत त्यांपासून वसा, कूर्चा, हाड व स्नायू यांच्या कोशिकांची लक्षणे असलेल्या कोशिका बनविता आल्या. २००७ मध्ये व्हेरोना येथील जीनो रिगोत्ती यांनी किरणोपचाराने कठीण व व्रणयुक्त झालेली त्वचा वसेच्या अंतःक्षेपणाने सुधारत असल्याचे दाखविले. वसा खळगा भरण्यापलीकडे आजूबाजूचे ऊतकही सुधारते, हा विचार यातून दृढ झाला. २००८ मध्ये स्टॉकहोम येथील कर्स्टी स्पॉल्डिंग व इतरांनी अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या साहाय्याने कोशिकांचे वय मोजले व प्रौढ माणसाच्या सु. १० टक्के वसा कोशिका दरवर्षी बदलतात, असे सिद्ध केले.

न्यूहॉफ व पीअर यांच्या वादाचा निर्णय टोकिओ येथील कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून बराचसा लागला. उंदरांतील प्रतिरोपात त्यांना तीन थर आढळले. पृष्ठभागापासून सु. ३०० मायक्रॉनांपर्यंतच्या वसा कोशिका जगतात. त्याखालील थरातील वसा कोशिका पहिल्या काही दिवसांतच मरतात. परंतु प्राणवायूची उणीव अधिक काळ सोसणाऱ्या मूल कोशिका तेथे टिकून नव्या वसा कोशिका निर्माण करतात. मध्यभागी दोन्ही मरतात व ती जागा तेलाची पोकळी किंवा तंतुमय ऊतक घेते. म्हणजे काही वसा जगते हे पीअर यांचे म्हणणे व बरीचशी बदलली जाते हे न्यूहॉफ यांचे म्हणणे, दोन्ही अंशतः खरे ठरले. कोपनहेगन येथे दहा निरोगी व्यक्तींवर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मूल कोशिका मिसळलेल्या वसेचे ८०·९ टक्के आकारमान १२१ दिवसांनंतर उरले. साध्या वसेचे केवळ १६·३ टक्के उरले. मात्र कोशिका वाढविण्यासाठी लागणारा काळ, खर्च व सुरक्षिततेची शंका यांमुळे ही पद्धत नित्याच्या वापरात आलेली नाही. मृत दात्यांच्या वसेतून कोशिका काढून उरलेला सांगाडा टोचून त्यात ग्राहीची स्वतःची वसा वाढू देण्याचा मार्गही अलीकडे वापरात आला आहे.

धोके व निर्बंध : वसा स्वतःचीच असल्याने निर्धोक आहे, ही समजूत बरोबर नाही. सौंदर्योपचारासाठी केलेल्या अंतःक्षेपणांनंतर दृष्टी बाधित झालेल्या ९८ रुग्णांच्या २०१५ मधील आढाव्यात सु. ४८ टक्के प्रसंगी टोचलेला पदार्थ रुग्णाची स्वतःची वसा हाच होता. भुवयांमधील जागा व नाक ही सर्वांत धोक्याची स्थाने आढळली. तेथील रोहिणीत दाबाने शिरलेला पदार्थ प्रवाहाच्या उलट दिशेने नेत्ररोहिणीपर्यंत जातो व पुढे दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करतो. १९०३ मध्ये पॅराफिनाने घडलेला अपघात व हा अपघात यांचे कारण एकच होय. हायलुरॉनिक अम्ल एंझाइमाने विरघळविता येते. वसा व जैव उत्तेजके यांना असा उतारा नाही.

मूल कोशिकांच्या नावाने होणारे अप्रमाणित उपचार हा दुसरा धोका आहे. फ्लॉरिडा राज्यात वसेपासून मिळविलेल्या कोशिका डोळ्यांत टोचल्यामुळे तीन वृद्ध स्त्रियांची दृष्टी गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांतील प्रस्थापित प्रतिरोपण वगळता मूल कोशिकांचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे वर्ज्य आहे.

मूल्यमापन : स्थूलतेवरील सेमाग्लुटाइडासारख्या औषधांमुळे २०२१ नंतर झपाट्याने वजन घटविणाऱ्यांची संख्या वाढली व त्यांच्या उतरलेल्या गालांमुळे या उपचारांची मागणीही वाढली. जैव उत्तेजके कोलॅजेन वाढवितात, हे ऊतकांच्या तपासणीने सिद्ध झालेले आहे. त्यांनी माणसात नवी वसा निर्माण होते, या दाव्यास मात्र अद्याप पुरेसा आधार मिळालेला नाही. ‘पुनर्जनन’ हा शब्द जाहिरातींत दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्याने हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. पॅराफीन व सिलिकोन यांविषयीचे अनुकूल मत पहिल्या काही महिन्यांच्या निरीक्षणावर बनले होते व प्रतिकूल पुरावा अनेक वर्षांनी आला. त्यामुळे शरीरात नव्याने घातल्या जाणाऱ्या कोणत्याही पदार्थाची परीक्षा तो टोचल्यानंतरच्या छायाचित्रावरून नव्हे, तर दहा-वीस वर्षांनंतरच्या ऊतकावरून करणे योग्य ठरते.